यादी होती माणसासाठी

सर्व्हरवरचा फोल्डर आणि आपल्या मशिनवरचा फोल्डर, पोटातल्या फोल्डरांसकट, जुळतात का? एफटीपी वापरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. एफटीपीला मात्र तो पडला नव्हता.

कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा लिहिला. इंटरनेटच्या मानकांची टिपणं ज्या आरएफसी मालिकेत येतात, तिच्यातला क्रमांक ११४ तो हाच. इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर तेव्हा मोजकीच यंत्रं होती आणि फाइल ठेवायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एक फाइल इकडून तिकडे धड पोचली तरी पुष्कळ झालं, असा तो काळ.

पुढे १९८५ च्या आरएफसी ९५९ मध्ये यादी मागायच्या दोन आज्ञा दिसतात. लिस्ट माणसाने वाचायची. तिच्यात आकार, तारीख सगळं मिळतं, पण मांडणी सर्व्हरच्या मर्जीची. एनएलएसटी प्रोग्रामसाठी, आणि तिच्यात नुसती नावं. एकदम अनेक फाइली उतरवणाऱ्या एमगेट आज्ञेचं त्यावर भागलं. तुलना करणाऱ्याचं कसं भागणार?

मग लोकांनी शेलमध्ये, पर्लमध्ये आपापले लूप लिहिले. एकेक नाव घ्यायचं आणि त्यात शिरून बघायचं. शिरता आलं तर फोल्डर, नकार आला तर फाइल. आत पुन्हा यादी, पुन्हा तोच खेळ, तळ लागला की एक पायरी वर. अडाणी वाटतं, पण चालायचं.

खरी फजिती तारखांची. युनिक्सच्या एलएसचा रिवाज असा की ताज्या फाइलपुढे तास-मिनिटं येतात आणि सहा महिने उलटले की त्या जागी साल. बहुतेक सर्व्हर लिस्टमध्ये हाच नमुना गिरवत. शिवाय वेळ कुठल्या गावची, हे यादी सांगत नाही. सर्व्हर जीएमटीवर आणि आपण पुण्यात असलो, तर तिकडची प्रत साडेपाच तास जुनी दिसते आणि भाबडा लूप अख्खा फोल्डर पुन्हा चढवत बसतो.

अलेक्झांडर लुक्यानोव्ह यांच्या एलएफटीपी या प्रोग्रामने हा सगळा लूप 'मिरर' या एका आज्ञेत कोंबला. तिला ड्राय-रनचा पर्याय दिला की ती काहीच हलवत नाही, काय हलवलं असतं तेवढं छापते. तुलना हवी असलेल्याला एवढंच तर हवं असतं! १९९६ साली कॅनबेऱ्यात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी फोल्डर जुळवणारा आरसिंक काढला, तो एफटीपी सोडून. तो एरवी आकार आणि वेळ ताडतो, सांगितलं तर चेकसमही, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा. अट एकच, पलीकडेही आरसिंक हवा.

एफटीपीत यंत्राला वाचता येईल अशी यादी प्रमाण व्हायला २००७ उजाडलं. आरएफसी ३६५९ मधली एमएलएसडी फाइल की फोल्डर ते सांगते, वेळही यूटीसीत देते. चेकसम मागायची आज्ञा त्यातही नाही. काही सर्व्हर आपल्या पदरची देतात. नसेल तिथे फाइल उतरवून घेऊन बाइट न् बाइट ताडावी लागते.