भार देवावर, हात नांगरावर

योजना हा शब्द पनवेलकरांच्या अंगवळणी पडलेला आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पनवेल, उरण व ठाणे परिसरातील गावांच्या जमिनींवर नव्या शहराचा आराखडा मांडला गेला. पुढील अर्धशतकात भातखाचरे व मिठागरे मागे हटली आणि वसाहती उभ्या राहिल्या. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी येथील विमानतळाचे उद्घाटनही झाले. त्याआधीचे पनवेल हे ओझ्यांचे गाव होते. आगगाडीने घाट चढण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला उतारू होडीने पनवेल बंदरात उतरे आणि खोपोलीमार्गे बोरघाटाची वाट धरी. होडीतले सामान येथे बैलगाडीत चढे किंवा हमालाच्या डोक्यावर जाई. ओझे नाहीसे होत नसे, ते वाहणारा तेवढा बदलत असे. आणि सामान दुसऱ्याने उचलले म्हणून पायी निघालेल्या उतारूचा घाट काही चुकत नसे.

या दोन गोष्टी आम्हांस मुद्दाम आठवतात, कारण आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते : ‘फादर, आता सगळे देवावर सोडले आहे.’ घराच्या कर्जाचे हप्ते थकलेले असतात, मुलाला परदेशात काम लागत नसते, घरातील वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळलेले असते. कोणी हे वाक्य श्रद्धेने उच्चारतो, कोणी थकून उच्चारतो. शब्द तेच असले तरी त्यांतील अर्थ एक नाही. आपल्या भाषेत ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ अशी जी म्हण आहे, ती भक्ताची थोरवी गाण्यासाठी नव्हे, तर आळशाची थट्टा करण्यासाठी आहे. मग ख्रिस्ती माणूस आपला भार व आपल्या योजना देवाच्या स्वाधीन करतो म्हणजे नेमके काय करतो?

पवित्र शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. स्तोत्रकर्ता आपला भार प्रभूवर टाकण्यास सांगतो. माणूस मनात मार्ग आखतो, परंतु त्याची पावले देव चालवतो, असे नीतिसूत्रे शिकवतात. कष्टी व भाराक्रांत जनांना प्रभू येशू स्वतःकडे बोलावतो, परंतु विसावा देताना त्यांच्या खांद्यावर आपले सोयीचे जू ठेवतो. जू हे कामाचे साधन आहे. ते घेऊन कोणी झोपत नाही. ही शिकवण माणसाच्या आयुष्यात कशी उतरते, हे पाहण्यासाठी आम्ही तीन जीवने निवडली आहेत. एकाचा जन्म आपल्याच किनाऱ्यावर वसईला झाला आणि त्याला जपानला जावे लागले. दुसरा जर्मनीहून आपल्या महाराष्ट्रात आला आणि त्यालाही जपानला जावे लागले. तिसऱ्याच्या अखेरच्या वर्षातील बरेच दिवस आमच्याच पनवेल तालुक्यात गेले.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. वसईच्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले आणि सुमारे पंधराव्या वर्षी, १५७२ साली, ते त्या धर्मगुरूंबरोबर जपानच्या वाटेला लागले. तेथे त्यांनी जपानी भाषा इतकी आत्मसात केली की धर्मशिक्षणाच्या कामात ते मिशनरींचा मोठा आधार ठरले. त्यांची इच्छा एकच होती : येशूसंघात प्रवेश मिळावा. सुमारे आठ वर्षे सेवा करूनही तो मिळाला नाही. ज्या योजनेसाठी घरदार व मातृभूमी सोडली, ती योजनाच मिटली.

गोन्सालो व्यापारात शिरले. धंदा चांगला चालला, पूर्वेकडील बंदरांतून त्यांची ये-जा होऊ लागली आणि त्या ओघात ते फिलिपिन्समधील मनिला शहरी पोहोचले. तेथे त्यांचा फ्रान्सिस्कन संघाशी संबंध आला आणि ते त्या संघात साधे धर्मबंधू म्हणून दाखल झाले. वेदीवरची सेवा त्यांना मागता येणार नव्हती. घरकाम आणि हलकी समजली जाणारी सेवा त्यांच्या वाट्याला आली. परंतु १५९३ साली मनिलाहून फादर पीटर बाप्टिस्ट यांचे शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे निघाले, तेव्हा दुभाष्या हवा होता. ज्या जपानी भाषेचा आता उपयोग तो काय, असे एखाद्याला वाटले असते, तीच भाषा घेऊन वसईचा हा धर्मबंधू सत्ताधीशापुढे उभा राहिला. शिष्टमंडळाला राहण्याची अनुमती मिळाली. क्योतो शहरात मठ व चर्च उभे राहिले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयही उघडले.

हेही फार दिवस टिकले नाही. १५९६च्या ऑक्टोबरमध्ये ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला आणि मिशनरींच्या पाठोपाठ स्पेनचे सैन्य येणार, असा संशय बळावला. डिसेंबरमध्ये अटकसत्र झाले. क्योतो येथे बंदिवानांच्या डाव्या कानाचे तुकडे कापून त्यांची धिंड काढण्यात आली आणि भर हिवाळ्यात सुमारे महिनाभराचा प्रवास करवून त्यांना नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, सतरा प्रापंचिक ख्रिस्ती आणि तीन येशूसंघीय होते. ज्या संघाचे दार गोन्सालोंसाठी उघडले नव्हते, त्या संघाचे तिघे जण त्यांच्याच रांगेत क्रुसावर होते. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या सव्वीस जणांना संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला संत कॅथोलिक ख्रिस्तसभेला असा वसईतून मिळाला.

या चरित्रातून काय घ्यावे? ‘येशूसंघात प्रवेश मिळाला नाही तेच बरे झाले’ असे म्हणून मोकळे होणे आम्हांस योग्य वाटत नाही. नकार हा नकारच असतो आणि तो दुखतो. विचार करण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. दार बंद झाले तेव्हा गोन्सालो दाराशी बसून राहिले नाहीत आणि शिकलेली भाषाही त्यांनी टाकून दिली नाही. आपल्या आवडीचे रूप त्यांनी सोडले, पण आपली सेवा सोडली नाही.

दुसरे जीवन फादर हेन्री डोरिंग यांचे. ते जर्मन येशूसंघीय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्याच्या मिशनचा भार जर्मन येशूसंघीयांवर होता. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली त्यांनीच सुरू केले. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खेडी १८९६-९७ आणि १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांत पिचून निघाली होती. त्या खेड्यांतल्या नव्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हाती त्यांच्याच भाषेतले वाचन असावे म्हणून फादर डोरिंग यांनी १९०३ साली केंदळ या गावातून ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. नुकती अक्षरओळख झालेल्या माणसांसाठी मासिक काढणे, हे त्या काळी मोठे धाडस होते. १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. काम मार्गी लागले असे वाटण्याजोगी स्थिती होती.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. जर्मनी इंग्रज सरकारचा शत्रू ठरला आणि त्याबरोबर येथले जर्मन धर्मगुरूही शत्रू ठरले. कित्येकांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले आणि पुढे बहुतेकांना मायदेशी रवाना करण्यात आले. बिशप डोरिंग आपल्या धर्मप्रांतापासून तुटले. दोन पिढ्यांनी उभारलेली शाळा, चर्च व खेड्यांतील केंद्रे अल्पावधीत धर्मगुरूंविना उरली. युद्ध संपले तरी परतीची वाट उघडली नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांच्यावर जपानमधील हिरोशिमाच्या नव्या मिशनक्षेत्राची धुरा सोपविण्यात आली. साठी ओलांडलेल्या या माणसाला नवा देश, नवी भाषा आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ! १९२७ साली मात्र त्यांची पुण्यास पुन्हा नेमणूक झाली आणि ते आपल्या जुन्या धर्मप्रांतात परत आले.

त्यांच्या अनुपस्थितीत काय झाले, हे महत्त्वाचे आहे. मिशन बुडाले नाही. अन्य देशांचे येशूसंघीय आले आणि गोव्याच्या व येथल्या मातीतील धर्मगुरूंनी अधिक भार उचलला. केंदळला लावलेल्या ‘निरोप्या’च्या रोपाने तर पुढे वयाची शंभरी ओलांडली. ज्या कामाशिवाय आपले चालणार नाही असे आपल्याला वाटते, ते काम पुष्कळदा आपल्याशिवाय चालते. अहंकाराला हे बोचते, श्रद्धेला ते दिलासा देते. पेरणाऱ्यानेच कापणी करावी असा देवाचा नियम नाही.

तिसऱ्या जीवनाकडे वळताना आमची लेखणी जड होते. आमच्या तालुक्यातील तळोजा येथे मध्यवर्ती कारागृह आहे. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथून अटक झाली आणि त्यांना या कारागृहात ठेवण्यात आले. भीमा कोरेगाव प्रकरणी त्यांच्यावर आरोप होते. ते आरोप त्यांनी नाकारले होते आणि ते सिद्ध होण्यापूर्वीच त्यांचा मृत्यू झाला. झारखंडच्या आदिवासींमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. अटकेच्या वेळी त्यांचे वय ८३ होते आणि कंपवाताने हात थरथरत असल्याने त्यांना पेला धरता येत नसे. पाणी पिण्यासाठी नळी मिळावी म्हणूनही त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. सोबतचे कैदी आपल्याला मदत करतात, हे त्यांनी पत्रातून कृतज्ञतेने कळविले. आपल्या यातनांपेक्षा त्या गरीब कैद्यांच्या स्थितीविषयी त्यांना अधिक सांगायचे होते. प्रकृती खालावल्यावर मे २०२१ मध्ये त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलविण्यात आले. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच, त्यांनी तेथे देह ठेवला.

या वृद्ध धर्मगुरूंनी देवावर भार टाकला होता, याविषयी त्यांची पत्रे वाचणाऱ्यास शंका राहत नाही. तरीही त्यांनी जामीन मागितला, औषधोपचार मागितले, आपल्या माणसांत जाऊन मरण्याची परवानगी मागितली. समर्पण आणि अर्ज यांत त्यांना विरोध दिसला नाही, आणि तो नाहीच. गेथशेमानेच्या बागेत प्रभू येशूनेही आधी प्याला दूर व्हावा अशी विनंती केली आणि मग पित्याच्या इच्छेपुढे मान तुकविली. मागणे आधी आणि स्वाधीन होणे नंतर, हा क्रम प्रभूनेच घालून दिला आहे. न मागता गप्प बसणारा बऱ्याच वेळा समर्पित नसतो, तो निराश असतो.

हे आमच्या भागातील लोकांना वेगळे सांगावे लागू नये. जमिनी गेल्या तेव्हा येथल्या शेतकऱ्यांनी ‘नशिबात होते’ म्हणून हात झटकले नाहीत. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते उभे राहिले. १९८४च्या जानेवारीत शेजारच्या उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले आणि त्या लढ्यामुळे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. न्याय मागणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे.

म्हणून ‘सगळे देवावर सोडले आहे’ असे म्हणणाऱ्या कुटुंबांना आमचे नम्र सांगणे आहे : जरूर सोडा, पण काय सोडता ते पाहा. कर्ज असेल तर बँकेच्या अधिकाऱ्याला भेटा, आणि रात्रीची झोप खाणारी धास्ती देवाकडे द्या. आजार असेल तर डॉक्टरांचे ऐका, औषध वेळेवर द्या, आणि आयुष्याची दोरी कोणाच्या हाती आहे याची आठवण ठेवा. मुलांसाठी योजना आखा, आणि मुलांनी वेगळी वाट धरली तर त्या वाटेवरही देव चालत आहे असा विश्वास बाळगा. फळ, वेळ आणि कामाचे रूप ही देवाची बाजू आहे. प्रयत्न, प्रामाणिकपणा आणि प्रार्थना ही आपली बाजू आहे. आपली बाजू देवाच्या गळ्यात घालणे हा आळस, आणि देवाची बाजू आपल्या डोक्यावर घेणे हा अहंकार. दोन्हींनी माणूस मोडतो.

नांगराला हात घालून मागे पाहू नये, असे प्रभूने सांगितले आहे. पाऊस पाडण्याचे काम त्याने शेतकऱ्यावर सोपविलेले नाही. गोन्सालोंनी, डोरिंग यांनी आणि तळोज्याच्या त्या वृद्ध बंदिवानाने नांगर सोडला नाही आणि पावसाची काळजीही वाहिली नाही. आपल्या घरात आज जे ओझे असेल, ते रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत नाव घेऊन प्रभूपुढे ठेवावे आणि सकाळी उठून आपल्या कामाला लागावे. पुढचा घाट चढण्याचे बळ प्रभू आपल्या सर्वांना देवो.