घाटाच्या पायथ्याचे पॅकिंग

शिळफाटा म्हटले की मुंबई-ठाण्याच्या वाचकाला मुंब्र्याजवळचा फाटा आठवतो. मी लिहितो आहे तो खोपोलीचा शिळफाटा. रायगड जिल्ह्यातला खालापूर तालुका, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि समोर बोरघाट. मुंबईकडून येणाऱ्या गाडीला इथे एकदा श्वास घ्यावाच लागतो, कारण पुढे चढ आहे. पुण्याकडून उतरणारी गाडीही इथेच थांबते. ब्रेक तापलेले असतात, माणसेही तापलेली असतात.

थांबण्याची ही सवय मोटारींच्या आधीची आहे. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, १८३० साली, बोरघाटातून चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि घाटापुढे अडली. वरचा रूळ पुरा व्हायला १८६३ साल उजाडले. मधली सात वर्षे प्रवासी खाली उतरत आणि पालखी, तट्टू, बैलगाडी, मिळेल त्या साधनाने खंडाळा गाठत. म्हणजे घाट चढण्यापूर्वी साधन बदलायचे किंवा तपासायचे, आणि त्यासाठी पायथ्याशी कुणीतरी कारागीर बसलेला असायचा. आधी नाल ठोकणारा, मग चाकाला धाव बसवणारा लोहार, आणि नंतर मोटार मिस्त्री. १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीत सुरू झाले, पुढे कारखाने आले आणि मिस्त्रींना गिऱ्हाईक वाढले.

जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रज साहेबांना घाटाची वाट एका धनगराने दाखवली आणि नंतर त्यालाच मारण्यात आले, अशी दंतकथा इकडे सांगतात. खरेखोटे काहीही असो, साहेबांची नावे सरकारी कागदात राहिली आणि वाट दाखवणाऱ्याला निदान देऊळ तरी मिळाले. त्याच वाटेवर हजारो गाड्या चालत्या ठेवणाऱ्या मिस्त्रींच्या वाट्याला ना कागद आला, ना दगड. म्हणून त्यांच्या हुनरातली एक अगदी लहान वस्तू मी या लेखासाठी निवडली आहे. ती वस्तू म्हणजे कार्ब्युरेटरचे पॅकिंग.

पुस्तकात तिला गॅस्केट म्हणतात. गॅरेजमध्ये हा शब्द इंजिनच्या हेडपुरता राहतो, बाकी सगळे पॅकिंग. धातूचे दोन भाग एकमेकांवर कितीही घट्ट दाबले तरी त्यांच्यात सूक्ष्म फट राहतेच. त्या फटीत दबून बसणारा कागद, फायबर किंवा रबर म्हणजे पॅकिंग. जुन्या मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरला ते चार-पाच ठिकाणी लागते. पेट्रोलची नळी जोडतात तिथे फायबरचे वायसर, फ्लोटच्या सुईची बैठक बसते तिथे एक, फ्लोटच्या वाटीला एक, जेटखाली एक. सर्वात महत्त्वाचे ते फ्लँजचे, म्हणजे कार्ब्युरेटर जिथे सिलिंडरला जोडला जातो तिथले. बाकीच्या पॅकिंगमधून गळते ते पेट्रोल. ते दिसते, वास येतो, गिऱ्हाईक स्वतःच तक्रार घेऊन येतो. फ्लँजच्या पॅकिंगमधून बाहेर काहीच येत नाही, आत हवा शिरते आणि ती दिसत नाही.

ही हवा काय करते ते घाटातच कळते. पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण ठरवणे हे कार्ब्युरेटरचे काम. फटीतून जास्तीची हवा आली की मिश्रण पातळ होते आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापते. चार स्ट्रोकचे बुलेट कुरकुर करत निभावून नेते. दोन स्ट्रोकच्या जावा, येझदी, राजदूत यांचे तसे नाही. त्यांचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. खंडाळ्याहून खाली येताना थ्रॉटल बंद असतो, पेट्रोल कमी जाते, म्हणजे ऑइलही कमी जाते. बंद थ्रॉटलला आतली ओढ सर्वात जास्त असते, त्यामुळे फटीतून हवाही तेव्हाच सर्वाधिक शिरते. तापलेला पिस्टन सिलिंडरला धरतो, मागचे चाक एकाएकी अडकते, आणि वळणावर एका बाजूला दरी असते. कागदाच्या चकतीचे मोल इतके आहे.

या गाड्या आल्या कशा, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि इंग्लंडच्या बुलेटची जुळणी इथे सुरू झाली. १९६० साली रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा कंपनी उभी केली आणि चेकोस्लोव्हाकियाची जावा भारतात तयार होऊ लागली. १९७३ पासून तीच येझदी झाली. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने राजदूत काढली. तिचे छोटे भावंड १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात ऋषी कपूरने चालवले आणि ‘बॉबी’ याच नावाने ओळखले गेले. आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. जावाचा मूळ कार्ब्युरेटर चेक जिकोव्ह. इंग्लिश गाड्यांचा अमाल. १९२७ साली तीन इंग्लिश कंपन्या एकत्र आल्या, आणि एकत्रीकरणासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचे पहिले तुकडे घेऊन हे नाव झाले. उर्दू जाणणाऱ्याला मात्र त्यात ‘अमल’ ऐकू येतो, आणि गॅरेजातल्या पोरांना तोच शब्द खरा वाटतो.

कंपनीचे पॅकिंग सेट त्या काळात सहज मिळत नसत. परवान्यांचे आणि आयातबंदीचे दिवस होते. सुटा भाग मुंबईच्या चोर बाजारात शोधायचा किंवा हाताने करायचा, एवढेच दोन मार्ग. पॅकिंगच्या बाबतीत दुसरा मार्ग सोपा होता. कारागिरी तिथूनच वाढली.

फ्लोटची कल्पना तर फार जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी यांत्रिक करामतींचा ग्रंथ लिहिला. त्यात पाण्याची पातळी राखण्यासाठी तरंगता फ्लोट आणि निमुळती झडप आहे. १२०६ साली दियारबकरच्या दरबारातला अल-जज़री आपल्या ग्रंथात झडप आणि तिची बैठक एकमेकांवर एमरीच्या भुकटीने घासून पाणीबंद करण्याची रीत सांगतो. आजचा मिस्त्री ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासतो ती हीच रीत. आपल्याकडे अशी माहिती हाती लागली की ‘सारे काही आम्हीच शोधले’ असे म्हणण्याची खोड आहे. तसे मला म्हणायचे नाही. अल-जज़रीपासून १८९३ मध्ये फवाऱ्याचा कार्ब्युरेटर बनवणाऱ्या जर्मन मायबाखपर्यंत सरळ धागा ओढता येत नाही. मला अप्रूप वेगळ्याच गोष्टीचे वाटते. अल-जज़री दरबारी होता, तरी हात काळे करून केलेले काम त्याने स्वतःच्या लेखणीने, पायरीपायरीने, चित्रांसह लिहून ठेवले. आमच्या मिस्त्रींकडे हात होते, लेखणी नव्हती. आणि आम्हा लेखणीवाल्यांना कधी गॅरेजमध्ये जाऊन बसावेसे वाटले नाही.

तेव्हा ती रीत इथे लिहून ठेवतो. आमच्या भागातल्या एका बुजुर्ग मिस्त्रींकडून, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, मी ती अनेक दुपारी पाहिली आहे.

आधी जुने पॅकिंग खरवडायचे. घाईत पोलादी पाना घालू नये, कार्ब्युरेटरचा धातू मऊ असतो, ओरखडा पडला की नवीन फट तयार. मग फ्लँज सरळ आहे का ते पाहायचे. कुणीतरी आधी नट जोर लावून आवळलेले असतात, त्यामुळे फ्लँजचे दोन्ही कान सिलिंडरकडे ओढले जातात आणि मधल्या भागात फट राहते. अशा फ्लँजवर कितीही जाड पॅकिंग लावा, हवा शिरणारच. सपाट काचेवर झिरो नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर फ्लँज आठाच्या आकड्यासारखा हलक्या हाताने फिरवायचा. सगळीकडे सारखी चमक आली की झाले.

पॅकिंगचा कागद फ्लँजवर ठेवायचा आणि हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने टकटक करत जायचे. धातूची धारच कागद कापते, कात्री लागत नाही. स्टडच्या भोकांवर बेरिंगची गोळी ठेवून एक ठोका, भोक स्वच्छ पडते. आधी भोके, मग मधला गाळा, शेवटी बाहेरची कड, हा क्रम मोडला की कागद सरकतो. मधला गाळा फ्लँजच्या भोकाएवढाच हवा. लहान राहिला तर कागदाची कड वाऱ्याच्या वाटेत फडफडते. काही गाड्यांना सिलिंडर आणि कार्ब्युरेटरमध्ये बॅकेलाइटचा जाड ठोकळा असतो, इंजिनची उष्णता पेट्रोलपर्यंत जाऊ नये म्हणून. त्याला दोन्ही बाजूंनी पॅकिंग लागते. अनेक जण ठोकळाच फेकून देतात आणि मग गाडी उन्हात बंद पडते म्हणून कार्ब्युरेटरला शिव्या देतात. शेवटी नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे. इंजिन चालू करून जोडावर ऑइलचे दोन थेंब सोडायचे. आवाज बदलला तर हवा शिरते आहे.

कागद कुठला? ऑइल पेपर मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तेव्हा पोस्टकार्ड, सिमेंटच्या गोणीचा खाकी कागद, जाड लग्नपत्रिका, काहीही चालले आहे. वर शेलॅकचा पातळ हात. हे शेलॅक म्हणजे लाखच, झाडावरच्या किड्याची, बांगड्यांची आणि पत्रावरच्या मोहोरेची. ती पेट्रोलमध्ये विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून इतकी वर्षे तिने काम दिले. हल्ली पोरे नळीतले सिलिकॉन भरभरून लावतात. साधे सिलिकॉन पेट्रोलने फुगते, त्याचे तंतू तुटून जेटमध्ये अडकतात. चाचांना त्याचा भारी राग आहे, आणि तो रास्त आहे.

एका गोष्टीत मात्र जुन्या रीतीचे कौतुक करता येत नाही. विसाव्या शतकात गरम जोडांसाठी दाबलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसची शीट सर्रास वापरली गेली. ब्रेक लायनरमध्येही तेच. त्याची सुकी धूळ फुप्फुसात गेली की वीस-तीस वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. कित्येक उस्तादांनी ती शीट ठोकली, घासली, हवेने फुंकली, आणि शेजारी बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या शागिर्दांनीही. जुन्या गाडीचे पॅकिंग कशाचे आहे हे माहीत नसेल तर ते ओले करूनच काढावे, सुके घासू नये, फुंकू नये.

हा शागीर्द माझ्या कामाचा विषय आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम कामगारांचे प्रमाण जास्त असलेल्या व्यवसायांमध्ये वाहनदुरुस्तीचाही उल्लेख आला. आम्हा उर्दू शाळेच्या शिक्षकांना ते अहवालाशिवायही ठाऊक होते, हजेरीपटावर दिसत होते. सातवी-आठवीत मुलगा येईनासा झाला की पहिली चौकशी गॅरेजमध्ये. माझा एक विद्यार्थी दायरा, क़ुतर आणि मरकज़ यांच्या व्याख्या एकदाही धड सांगू शकला नाही. त्याच मुलाला मी सुट्टीत मामाच्या गॅरेजमध्ये डिव्हायडरने पॅकिंगवर गोल आखताना पाहिले. मरकज़ अचूक, क़ुतर अचूक. दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात हातोडी आणि पुठ्ठा घेऊन गेलो. मुख्याध्यापकांनी आवाजाबद्दल विचारणा केली, ती वेगळी गोष्ट. मुलाने शाळा सोडून गॅरेजमध्ये बसावे असे मी मुळीच म्हणत नाही. चाचाही म्हणत नाहीत. त्यांची स्वतःची दोन्ही मुले या धंद्यात नाहीत, आणि त्याचे त्यांना समाधानही आहे आणि दुःखही. दोन्ही खरे आहे.

धंदाही बदलला आहे. २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मोटारी शिळफाट्याला वळसा घालून निघून गेल्या. दुचाकींना तिथे बंदी असल्याने त्या मात्र अजून जुन्या रस्त्यानेच येतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच महिन्यात, टाळेबंदीत, १८३० सालचा अमृतांजन पूलही पाडला गेला. उरल्या त्या शौकिनांच्या जुन्या गाड्या. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपला दिवस साजरा करतात. पुण्या-मुंबईची मंडळी हजारो रुपये खर्चून गाडीचा क्रोम चमकवतात आणि वीस रुपयांच्या पॅकिंगवर काटकसर करतात.

आता एक नवीच अडचण आली आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. इथेनॉल म्हणजे स्पिरिटच. लाख नेमकी स्पिरिटमध्ये विरघळते, आणि जुने रबर, कॉर्कही त्यात मऊ पडते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, त्याने कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरी बुरशीसारखी गंज धरते. शिवाय या पेट्रोलने मिश्रण मुळातच थोडे पातळ होते, त्यात फ्लँजमधून हवा शिरली तर घाटातला धोका वाढतो. चाचांनी शेलॅकची बाटली फळीवरून खाली काढून ठेवली आहे. फ्लँजला ते आता कागद नुसताच, इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजवून लावतात. वाटीला आणि सुईला इथेनॉल सोसणारे विटॉनचे रबर मुंबईहून मागवतात. जेट मात्र पूर्वीचाच ठेवायचा की एक नंबर मोठा टाकायचा, यावर त्यांचे आणि समोरच्या गॅरेजवाल्याचे अजून एकमत झालेले नाही.