नको ते वगळण्याचा इतिहास

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाच्या पोटातले मला फारसे कळत नाही. पण गझलेचा शेर दोन ओळींत संपवावा लागतो, त्यामुळे वगळण्याची किंमत थोडीफार ठाऊक आहे. म्हणूनच ही हकीकत मला जवळची वाटते.

१९६० च्या दशकात संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. ते एकाच वेळी अनेकांना वापरता यावे, विजेसारखी अखंड सेवा मिळावी, म्हणून अमेरिकेत ‘मल्टिक्स’ नावाची प्रणाली आखली गेली. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज एकत्र आल्या. स्वप्न मोठे होते. पण सगळेच हवे म्हणता म्हणता ओझे वाढले, काम लांबत गेले. १९६९ मध्ये बेल लॅब्ज बाहेर पडली.

तिथल्या केन थॉम्पसन यांना एक जुने, पडून असलेले यंत्र मिळाले : पीडीपी-७. त्याची स्मृती आजच्या हिशेबाने जेमतेम १८ किलोबाइट. त्या वर्षी पत्नी लहान मुलासह तीन आठवडे कॅलिफोर्नियाला गेली. थॉम्पसन यांनी एकेक आठवडा एडिटर, असेंब्लर आणि प्रणालीचा गाभा यांना दिला. पुढे डेनिस रिची यांच्या साथीने ती ‘युनिक्स’ झाली. ‘मल्टी’ म्हणजे अनेक, ‘युनि’ म्हणजे एक, नावातच कोपरखळी!

१९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने ‘पाइप’ आले. एका प्रोग्रॅमचे उत्तर थेट दुसऱ्याच्या हाती. एकाने नावांची यादी क्रमाने लावायची, दुसऱ्याने दुबार नावे काढायची, तिसऱ्याने मोजायची. प्रत्येकाने एकच काम करायचे, पण चोख. त्यामुळे नवी गरज निघाली तरी जुन्या प्रोग्रॅमला ठिगळ लावावे लागेना.

मल्टिक्सला मात्र हसू नये. फायलींची एकात एक कप्पे असलेली रचना युनिक्सने तिच्याकडूनच घेतली. शेवटची मल्टिक्स २००० साली बंद झाली. थॉम्पसन-रिचींनी तो सगळा पसारा आतून पाहिला होता. म्हणूनच काय सोडायचे ते त्यांना उमगले. १९८३ मध्ये दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पुढे युनिक्सही फुगत गेली. कारण ‘हेही असू द्या’ म्हणणे सोपे असते. पण प्रत्येक नवी सोय कुणाला तरी शिकावी लागते आणि कुणाला तरी जन्मभर सांभाळावी लागते. तो हिशेब आधी मांडलेला बरा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)