खेळण्यावरचा रंग

गेल्या फाल्गुनात पैठणच्या नाथषष्ठीहून मी धाकट्या मुलीसाठी एक लाल मोटार आणली. चितेगावला घरी पोहोचेपर्यंत मोटारीचा रंग तिच्या ओठांवर उतरला होता! तिची आई रागावली ती माझ्यावर. "कुणी केली ही, विचारलंत तरी का?" खेळणे उलटेसुलटे करून पाहिले; त्यावर ना गावाचे नाव, ना कारखान्याचे. मी काही रसायनशास्त्री नव्हे, मराठीचा मास्तर. परंतु तो प्रश्न मनातून जाईना.

आमच्या आजीच्या वेळची सावंतवाडीची लाकडी भातुकली घरात आहे. तिथल्या चितारआळीत कारागीर दारातच बसून खेळणी रंगवी. त्याचा रंगही सदैव निर्धोक होता असे मी म्हणणार नाही. परंतु काही बिघडले तर जाब कुणाला विचारायचा, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असे.

पुढे मजुरी स्वस्त म्हणून खेळणी दूरदेशी होऊ लागली. मॅटेल ही अमेरिकेतली बडी कंपनी. तिची बरीचशी खेळणी चीनमध्ये होत. ऑगस्ट २००७ मध्ये रंगात शिसे सापडल्यावरून तिने जगभरातून सुमारे १५ लाख खेळणी परत मागविली. शिसे पोटात गेले की मुलांच्या मेंदूला इजा करते. पाठोपाठ 'सार्ज' नावाच्या मोटारीची पाळी आली. कंपनीने काम दिले एका कारखान्याला, त्याने रंगकाम दिले दुसऱ्याला, आणि त्या दुसऱ्याने रंग आणला परवानगी नसलेल्या तिसऱ्याकडून! जबाबदारी मात्र वाटेत कुठेतरी सांडली.

पण सारा दोष चिनी कारागिराच्या माथी मारणेही न्यायाचे नव्हे. त्याच महिन्यात १ कोटी ८२ लाख खेळणी परत मागविली गेली ती सुटणाऱ्या लोहचुंबकांमुळे. असे दोन तुकडे गिळले, तर ते आतड्यांच्या पडद्याआडून एकमेकांना ओढतात. ही चूक आराखड्याची, म्हणजे कंपनीची स्वतःची होती. सप्टेंबरात तिच्या अधिकाऱ्याने बीजिंगला जाऊन माफी मागितली.

आपल्या सरकारने जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी घातली, पण दोनच महिन्यांत ती सैल झाली. १ जानेवारी २०२१ पासून मात्र चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर, देशी असोत वा परदेशी, भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. सरकारदरबारी नोंदलेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणजे जिथे करणाऱ्याचा चेहरा दिसत नाही तिथे चिन्ह पाहावे. जिथे चिन्ह नाही तिथे चेहरा ओळखीचा असावा. दोन्ही नसतील, तर वस्तू घरात आणू नये.

परवा दिवाळीच्या खरेदीत एका खेळणीवाल्याला मी आमच्या घरचाच प्रश्न विचारला. तो हसून म्हणाला, "मास्तर, खेळणं घ्यायचंय की सोयरीक जुळवायचीय?"

मी म्हटले, "बाबा रे, पोरीच्या तोंडात जाणारी वस्तू आहे. चौकशी तेवढीच करीन!"