मिसळणाचा डबा आणि गोठ्यातील वैद्यकी

आपल्या मिसळणाच्या डब्यावर घरातील माणसांइतकाच गोठ्यातील मुक्या जिवांचाही हक्क होता. हा इतिहास बहुधा कोठे लिहिलेला सापडत नाही, म्हणून त्याची थोडी नोंद येथे करावीशी वाटते.

जनावरांची चिकित्सा आपल्या देशाला नवी नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने गिरनारच्या शिलालेखात माणसांच्या व पशूंच्याही उपचारांची सोय केल्याचे, आणि औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणवून लावल्याचे कोरून ठेवले आहे. पुढे शालिहोत्राच्या नावाने अश्ववैद्यक प्रसिद्धीस आले. घोड्यांच्या वैद्याला सलोतरी म्हणत, तो शब्द त्याच नावावरून आला. पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' हा ग्रंथ तर पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला. घोडे व हत्ती राजांचे, म्हणून त्यांच्यासाठी मोठमोठे ग्रंथ झाले. गाईबैलांच्या वाट्याला अग्निपुराणात गवायुर्वेदाचा एखादा अध्याय आला. बाकीची विद्या गुराखी, शेतकरी आणि घरच्या बाया यांच्या तोंडीच राहिली.

या विद्येची खरी कसोटी लागे ती पोटफुगीत. कोवळा, ओला लसूणघास किंवा द्विदल चारा जनावराने अधाशीपणे खाल्ला, की पोटात वायू धरतो. मोठ्या गाईच्या पोटाचा पहिला कप्पा शंभर लिटरांहून अधिक मावेल एवढा असतो. त्यात चारा आंबून सतत वायू होतो व ढेकरेवाटे जातो. ढेकर अडली की डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते, फुप्फुसांवर दाब येतो आणि काही तासांत जनावर दगावते. ऐन पेरणीत बैल गेला म्हणजे घराचे वर्षच बुडाले!

अशा वेळी घरातून हिंग, ओवा, सुंठ व काळे मीठ येई. गोडे किंवा जवसाचे तेल त्यात मिसळून ते बांबूच्या नळकांड्याने पाजीत. हिंग तर आपल्या मातीतलाही नव्हे. इराण-अफगाणिस्तानकडील झाडाच्या मुळाचा तो चीक. भारतात त्याची लागवड हिमाचलातील लाहौल खोऱ्यात २०२० साली सुरू झाली. म्हणजे काबूलकडचा माल आपल्या खेड्यातील गोठ्यापर्यंत पोचला होता. जनावराच्या तोंडात कडुनिंबाची काडी आडवी बांधण्याचीही रीत होती.

या उपायांत अर्थ होता. काडी चघळताना लाळ सुटते व ढेकर येण्यास मदत होते. ओल्या द्विदल चाऱ्याने पोटात साबणासारखा फेस होतो, वायू त्यात कोंडतो. तेलाने तो फेस मोडतो. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. पदवीधर पशुवैद्यही पुढे पोटफुगीवर जवसाच्या तेलातून टर्पेंटाइन देत असत. तेल शेवटी तेच! अलीकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही कांदा, लसूण, आले, जिरे, हळद, गूळ व विड्याची पाने अशा घरगुती जिनसांचे पाठ पशुपालकांना सांगितले आहेत.

तथापि जुने ते सारे सोने, असे मानू नये. घाईने पाजलेले औषध श्वासनलिकेत गेले तर जनावराला न्यूमोनिया होतो. म्हणून पाजताना मान फार उंच करू नये, जीभ ओढू नये, ठसका लागताच थांबावे. काही ठिकाणी रॉकेल पाजीत, ते घातकच. कूस ताठ झाली, जनावर धापा टाकू लागले किंवा आडवे पडले, तर डब्याकडे न वळता पशुवैद्याला बोलवावे. तो कुशीत नळी घालून वायू मोकळा करतो. त्या वेळी घटकाभराचा उशीरही महागात पडतो.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायांना असे कितीतरी पाठ मुखोद्गत असतील. प्रमाण, अनुपान आणि काय करू नये, हे सारे त्यांच्याकडून विचारून आपण एका वहीत उतरवून ठेवावे, आणि ती वही पशुवैद्याच्या नजरेखालून घालावी. राजांच्या हत्तींसाठी ग्रंथ लिहिले गेले. आपल्या गाईंसाठी निदान एवढे तरी व्हावे.