उमेदवारी: पांझरेच्या वाळूतून बेंगळुरूकडे

बेंगळुरूतल्या मराठी घरांमधून हल्ली मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. मुलगा किंवा मुलगी सिव्हिलला आहे, अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची आहे, ती कुठे करावी आणि तिचा उपयोग तरी काय? मी नोकऱ्या देणारा माणूस नाही, इतिहास सांगणारा आहे. म्हणून उत्तर जरा मागून सुरू करतो.

इंटर्नशिपला मराठीत जुना शब्द आहे, उमेदवारी. आज उमेदवार म्हटलं की निवडणुकीचं पोस्टर डोळ्यांपुढे येतं. पण एके काळी कचेरीत पगाराविना, पुढे जागा मिळेल या उमेदीवर काम शिकणाऱ्याला उमेदवार म्हणत. कारखान्यातल्या अप्रेंटिसला आपण अजूनही शिकाऊ उमेदवारच म्हणतो. सिव्हिल इंजिनिअरिंगचा पेशा मुळात या उमेदवारीतून उभा राहिला. कॉलेज मागाहून आलं.

'सिव्हिल' या शब्दात आम्हा फौजी लोकांचाही थोडा वाटा आहे. इंजिनिअर म्हणजे लष्कराचा माणूस, तट बांधणारा आणि तट फोडणारा, असंच पूर्वी समजत. 18व्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन स्मीटनने स्वतःला सिव्हिल, म्हणजे बिनलष्करी, इंजिनिअर म्हणवून घेतलं. थॉमस टेलफर्ड तर गवंड्याच्या हाताखाली दगड घडवत शिकला आणि 1820 मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सचा पहिला अध्यक्ष झाला.

आपल्याकडे कॉलेजं निघाली ती कामाला माणसं पुरेनात म्हणून. रुरकीचं 1847 मध्ये, गंगेच्या कालव्याच्या निमित्ताने. पुण्यात 1854 मध्ये इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला, तो रस्ते, इमारती, कालवे आणि रेल्वेच्या कामांवर दुय्यम अधिकारी हवे होते म्हणून. हाच वर्ग पुढे मुंबई विद्यापीठाला जोडला गेला, कॉलेज ऑफ सायन्स झाला आणि 1911 मध्ये कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग.

आता बेंगळुरूचा मुलगा. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथल्या सेंट्रल कॉलेजातून 1881 मध्ये बीए झाले. घरची परिस्थिती बेताची, शिकवण्या करून शिकलेले. बेंगळुरूत तेव्हा इंजिनिअरिंगचं कॉलेज नव्हतं, म्हणून म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याला गेले. 1883 मध्ये एलसीई परीक्षेत पहिले आले, जेम्स बर्कली पारितोषिक मिळालं. हा बर्कली म्हणजे जीआयपी रेल्वेचा मुख्य इंजिनिअर, भोर घाटाच्या कामामागचा माणूस. तो स्वतः घडला होता रॉबर्ट स्टीफन्सनसारख्यांच्या हाताखाली. पहिल्या येणाऱ्याला मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअरची जागा ठरलेली असे. 1884 मध्ये विश्वेश्वरय्या रुजू झाले आणि नाशिक-खानदेशात गेले.

इथे जरा थांबू या, कारण खरं शिक्षण इथलं आहे. धुळ्याकडे दातर्ती गावाजवळ पांझरेच्या पात्राखालून नळ टाकून पाणी पलीकडे न्यायचं होतं. याला सायफन म्हणतात. एका काठाला पाणी नळात उतरतं, पात्राखालून जातं आणि पातळीच्या नियमाने दुसऱ्या काठाला वर येतं. कागदावर हे चार ओळींचं गणित आहे. पण पाऊस लागला आणि नदी वाळू आणून काम बुजवू लागली. या तरुण इंजिनिअरने वरिष्ठांना लिहिलं की काम पावसाळ्यानंतर करू द्यावं. उत्तर आलं, यात शिस्तीचा अभाव दिसतो. असं पत्र लिहिणारे लेफ्टनंट मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांना जाणारं उत्तरही साधारण याच सुराचं असतं! विश्वेश्वरय्यांनी काम पुन्हा हाती घेतलं आणि पुरं केलं. वरिष्ठ बरोबर होता असं मला वाटत नाही. पण नदी वेळापत्रक पाळत नाही आणि वरिष्ठ ते सोडत नाही, या दोन्हींच्या मधे उभं राहून काम कसं करायचं, हे पुण्याच्या वर्गात कोणी शिकवू शकलं नसतं.

याच पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत आहे. बंधाऱ्याचं पाणी गावकरी वाटून घेतात, शिवाराचे फड पाडतात आणि एका फडात एकच पीक लावतात. 1899 च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, तिच्यातही गटागटाने पाणी आणि पिकांची फेरपालट होती. एकातून दुसरी निघाली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. साम्य मात्र नजरेत भरतं, आणि शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहिलेला इंजिनिअर ते पाहिल्याशिवाय राहिला असेल असं वाटत नाही.

म्हैसूरचे दिवाण असताना, 1917 मध्ये, त्यांच्या पुढाकाराने बेंगळुरूत इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. के. आर. सर्कलजवळचं ते कॉलेज आज त्यांचंच नाव लावतं. स्वतःला परगावी जावं लागलं, पुढच्यांना लागू नये, एवढा साधा हिशेब त्यामागे असावा.

आता आजची गोष्ट. पुण्याच्या त्या व्यवस्थेत पदवी आणि साइट यांच्यामधे अंतरच नव्हतं. आज ते पडलंय, आणि इंटर्नशिप हा त्यावरचा पूल आहे. पुष्कळ मुलं मात्र नुसता कागदी पूल बांधतात. महिनाभर कुणाच्या ऑफिसात बसायचं, शेवटी प्रमाणपत्र घ्यायचं. मग सिव्हिलची पदवी घेऊन मुलगा सॉफ्टवेअरमध्ये गेला की आईबाप म्हणतात, सिव्हिलमध्ये राम नाही. अहो, त्याने सिव्हिल पाहिलंच कुठे?

सुट्ट्या दोन-तीन मिळतात, तर प्रत्येक वेळी वेगळं दार ठोठवावं. एकदा साइट. स्लम्प टेस्ट स्वतः करा, 150 मिलिमीटरचे क्यूब भरा, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी ते दाबून फुटताना पाहा, सळ्यांचा तक्ता ड्रॉइंगशी ताडून बघा. दुसऱ्यांदा डिझाइनचं ऑफिस. तिसऱ्यांदा पाणी. बेंगळुरूला मोठी नदी नाही, कावेरी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपांनी वर चढवून आणावी लागते. एवढं मोठं प्रात्यक्षिक घराच्या नळापर्यंत आलेलं असताना मुलं ते बघायला जात नाहीत, याचं मला नवल वाटतं. मेट्रोच्या बोगद्यांचं तसंच. इथे कठीण खडक आणि मऊ माती आलटून पालटून लागते, यंत्र अडखळतं, आणि भूगर्भशास्त्राचा कंटाळवाणा पेपर एकदम जिवंत होतो. मुलींना साइटवर पाठवायला घरचे कचरतात. त्यांना सांगतो, चांगले बूट घेऊन द्या आणि जाऊ द्या.

पदवीनंतरही एक दार आहे, फार थोड्यांना माहीत असलेलं. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात 1973 मध्ये पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअर घेतले गेले. त्याखाली साधारण वर्षभराची उमेदवारी करता येते, विद्यावेतन मिळतं, आणि ठरलेल्या किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. मुंबई, चेन्नई, कानपूर आणि कोलकाता इथे याची चार मंडळं आहेत. बेंगळुरूच्या मुलांचं काम चेन्नईच्या मंडळाकडे येतं, महाराष्ट्रातल्यांचं मुंबईच्या. नोंदणी ऑनलाइन होते.