भारतातील हँडहेल्ड गेमिंग संगणक

हँडहेल्ड गेमिंग संगणक हा दोन्ही हातांत धरून वापरता येणारा, पडदा आणि कंट्रोलर एकाच सांगाड्यात बसवलेला वैयक्तिक संगणक होय. निन्टेन्डो स्विचसारख्या कन्सोलवर त्या कंपनीने मान्य केलेलेच खेळ चालतात. हँडहेल्ड संगणकावर मात्र विंडोज किंवा लिनक्सवर आधारित पूर्ण कार्यप्रणाली असते. त्यामुळे संगणकासाठी तयार झालेले खेळ आणि इतर सॉफ्टवेअर त्यावर वापरता येते. भारतात यांपैकी काही यंत्रे अधिकृतपणे विकली जातात, तर काही केवळ आयातीतून मिळतात. त्यामुळे येथील खरेदीत यंत्राच्या क्षमतेइतकेच महत्त्व हमी, दुरुस्ती आणि सीमाशुल्क यांना आहे.

पार्श्वभूमी

जीपीडी या चिनी कंपनीने २०१६ मध्ये 'विन' हा छोटा गेमिंग संगणक आणला. हा प्रकार सर्वदूर पोहोचला तो व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीच्या 'स्टीम डेक'मुळे. फेब्रुवारी २०२२ मध्ये विक्रीस आलेल्या या यंत्रात एएमडीची चिप, १६ जीबी रॅम आणि ७ इंची पडदा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची ७.४ इंची ओएलईडी पडद्याची आवृत्ती आली. २०२३ मध्येच असूसने 'आरओजी अ‍ॅलाय' व लेनोव्होने 'लीजन गो' ही विंडोजवर चालणारी यंत्रे आणली. २०२४ मध्ये एमएसआयने इंटेलची चिप असलेले 'क्लॉ' सादर केले.

भारतातील उपलब्धता

आरओजी अ‍ॅलाय भारतात जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना विक्रीस आले. लीजन गो आणि क्लॉ २०२४ मध्ये येथील बाजारात आले. स्टीम डेकची अधिकृत विक्री व्हॉल्व्हने भारतात सुरू केलेली नाही. ते आयात करणाऱ्या विक्रेत्यांकडून किंवा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांमार्फत मिळवले जाते. यंत्र अधिकृतपणे मिळत नसले, तरी 'स्टीम' या दुकानातील खेळ भारतीय खरेदीदार २०१५ पासून रुपयांत विकत घेऊ शकतात.

खरेदीदारांचे सामान्य प्रश्न

कोणते खेळ चालतात? स्टीम डेकची स्टीमओएस ही कार्यप्रणाली लिनक्सवर आधारित आहे. विंडोजसाठी लिहिलेले खेळ 'प्रोटॉन' या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने तिच्यावर चालतात. फसवणूकविरोधी यंत्रणा असलेल्या काही ऑनलाइन खेळांना मात्र लिनक्स मान्य नाही. 'व्हॅलोरंट' आणि 'फोर्टनाइट' स्टीमओएसवर चालत नाहीत. 'एपेक्स लीजंड्स'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सवरील प्रवेश बंद केला. असे खेळ खेळणाऱ्यांना विंडोजचे यंत्र सोयीचे ठरते. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा मोबाइलसाठीचा खेळ असल्याने केवळ त्यासाठी असे यंत्र घेण्याचे प्रयोजन उरत नाही.

बॅटरी किती वेळ टिकते? बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजतात. तिला यंत्राच्या एकूण वीजवापराने भागले की अंदाजे वेळ मिळतो. मूळ स्टीम डेक आणि आरओजी अ‍ॅलाय यांची बॅटरी ४० वॅट-तासांची आहे. एखादा खेळ २० वॅट वीज घेत असेल तर ती दोन तास टिकेल, साधा खेळ १० वॅट घेत असेल तर चार तास. स्टीम डेकच्या ओएलईडी आवृत्तीची बॅटरी ५० आणि आरओजी अ‍ॅलाय एक्सची ८० वॅट-तासांची आहे. पनवेल ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा लोकलचा प्रवास साधारण ८० मिनिटांचा आहे. ४० वॅट-तासांच्या बॅटरीवर जड खेळ खेळल्यास जाण्याचा प्रवास पार पडतो. परतीपूर्वी यंत्र पुन्हा चार्ज करावे लागते.

उष्णतेचा परिणाम होतो का? स्टीम डेक ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात सर्वोत्तम चालते, असे व्हॉल्व्हने २०२२ मध्ये सांगितले होते. चिप फार तापल्यास यंत्र तिचा वेग आपोआप कमी करते. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरील एप्रिल-मे महिन्यांत पंख्याखाली वापरणे आणि हवा बाहेर पडण्याच्या झरोक्यांवर हात किंवा उशी येऊ न देणे हितावह असते.

साठवण व रॅम वाढवता येते का? बहुतेक यंत्रांत रॅम मुख्य फलकावरच जोडलेली असल्याने ती नंतर वाढवता येत नाही. एसएसडी बदलता येते; परंतु स्टीम डेक आणि मूळ आरओजी अ‍ॅलाय यांना २२३० या आखूड मापाची, तर अ‍ॅलाय एक्सला २२८० या नेहमीच्या मापाची एसएसडी लागते.

आयात आणि सीमाशुल्क

केंद्र सरकारने ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉप, टॅब्लेट आणि अतिलहान आकाराच्या संगणकांच्या आयातीवर परवान्याची अट घातली. टपाल वा कुरिअरने मागवलेल्या एका नगाला त्यातून सूट होती. सीमाशुल्क मात्र माफ नव्हते. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो. ही सवलत हँडहेल्ड यंत्राला आपोआप लागू होते असे गृहीत धरता येत नाही, म्हणून खरेदीची पावती जवळ ठेवणे आवश्यक ठरते. भारतात आकारलेले शुल्क मिळवल्यावर परदेशातील स्वस्त किंमत प्रत्यक्षात किती स्वस्त राहते, हे त्यानंतरच कळते.

हमी आणि ग्राहक संरक्षण

मुंबईतील ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुनी बाजारपेठ असून नवी मुंबईतील ग्राहकही तेथे जातात. आयात केलेल्या यंत्रावर 'हमी' असे लिहिलेले असल्यास ती उत्पादकाची आहे की दुकानदाराची, हे पावतीवरून तपासावे लागते. उत्पादकाची भारतात सेवा नसेल, तर बिघाडाच्या वेळी ग्राहकाला केवळ दुकानदाराच्या आश्वासनाचाच आधार उरतो. त्यामुळे यंत्राचा अनुक्रमांक, हमीची मुदत आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल महत्त्वाचे असते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तूमुळे इजा किंवा इतर मालमत्तेचे नुकसान झाले आणि उत्पादक भारतीय कायद्याच्या कक्षेबाहेर असला, तर विक्रेत्यावर जबाबदारी येऊ शकते. ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. नवी मुंबई परिसर दोन जिल्ह्यांत विभागलेला असल्याने ही बाब येथे लक्षात घ्यावी लागते: वाशी, नेरूळ, बेलापूर आणि ऐरोली ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे आणि पनवेल रायगड जिल्ह्यात येतात. तक्रारीपूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते.

हेही पहा

व्हिडिओ गेम
वैयक्तिक संगणक
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९
नवी मुंबई